शेवटच्या आधीचा एक

रविवारी दुपारी जेवायची वेळ टळून गेली तरी फ्रोइलानच्या बारमध्ये तिघं जण काउंटरला टेकून उभे होते. शटर अर्ध्यावर आणलं की माणसं निघतात, हा समज किती खोटा आहे याचा विचार करत फ्रोइलान शटरकडे बघत होता. शटर अर्ध्यावर आलं की बाहेरची माणसं आत येत नाहीत, हे खरं. पण आतली माणसं आपण आता घरचेच झालो असं समजून आणखी सैल होतात. होनोरिनोने तर बूट काढले होते.

फ्रोइलान थकला होता. आदल्या रात्री माद्रिदहून लग्नाआधीची पार्टी करायला पोरांची टोळी आली होती. लेओन शहराच्या ओल्या वस्तीत, म्हणजे बारांच्या गल्ल्यांत, अशी टोळी दर शनिवारी येते. शेकडो वर्षांपूर्वीचा तट, शेकडो वर्षांपूर्वीचं कॅथेड्रल, आणि दोघांच्या मध्ये कुठेतरी कोंबडीच्या वेशातला एक नवरदेव भिंत धरून ओकत असतो. कालच्या नवरदेवाला पहाटे मित्रांनी उचलून नेलं, पण त्याचं डोकं मागे राहिलं. पिवळ्या चोचीचं, लाल तुऱ्याचं, आतून जाड स्पंज लावलेलं ते डोकं आता बाटल्यांच्या फळीवर बसून सगळ्यांकडे बघत होतं.

फरशी धुऊन फ्रोइलान वरच्या मजल्यावर झोपायला गेला, तेव्हा कॅथेड्रलची पहिली घंटा वाजत होती. डोळा लागतो न लागतो तोच त्याला उठावं लागलं, कारण रविवारी लोक प्रार्थना आटोपून व्हर्मूत प्यायला येतात. देवाने सहा दिवस काम करून सातव्या दिवशी विश्रांती घेतली. त्या सातव्या दिवशी लोकांनी जायचं कुठे, याची व्यवस्था फ्रोइलानच्या खानदानाकडे आली होती. आजोबा, मग वडील, मग तो. त्याला आता जगाकडून एकच गोष्ट हवी होती. झोप. तीही फार नाही, पण अखंड.

"फ्रोइलान, शेवटच्या आधीचा एक," होनोरिनो म्हणाला. हा कोपऱ्यावरचा खाटीक. त्याचा आवाज त्याच्या अंगापेक्षा मोठा होता, आणि अंगही काही लहान नव्हतं.

"मलापण. शेवटच्या आधीचा," फुलवाली विसी म्हणाली.

डॉन निकानोरांनी नुसतं बोट वर केलं. डॉन म्हणजे आपल्याकडचं राव. ते गुरांचे डॉक्टर होते आणि आता निवृत्त होते. जन्मभर न बोलणाऱ्या पेशंटांत वावरल्यामुळे त्यांना बोटावर भागवायची सवय होती.

ओल्या वस्तीत 'शेवटचा' हा शब्द कोणी तोंडातून काढत नाही. पहिला ग्लास असतो, दुसरा असतो, मग बरेच असतात, आणि मग शेवटच्या आधीचा. तो संपला की आणखी एक शेवटच्या आधीचा. शेवटचा ग्लास माणूस आयुष्यात एकदाच पितो, आणि त्यानंतर त्याला कोणी बारमध्ये पाहत नाही. इतक्या वर्षांत फ्रोइलानच्या तोंडून हा शब्द कधी निसटला नव्हता. पण आज त्याचं तोंड आणि डोकं यांच्यात फारसा संपर्क उरलेला नव्हता. त्याने तीन ग्लास भरले, प्रत्येकासोबत लसणाच्या सूपची मातीची वाटी सरकवली आणि म्हणाला, "घ्या. हा शेवटचा."

होनोरिनोच्या हातातला पाव सूपमध्ये पडला. विसीने छातीवर क्रुसाची खूण केली. डॉन निकानोरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि पूर्वी ते अडलेल्या गाईकडे जसे बघत तसे फ्रोइलानकडे बघू लागले.

"काय म्हणालास?"

"शेवटचा म्हणालो. प्या आणि निघा. मला झोपायचंय."

"ऐकलंत?" विसी हळूच म्हणाली. "झोपायचंय म्हणतोय."

"ऐकलं, पोरी. ऐकलं," डॉन निकानोर म्हणाले.

तिघांनी ग्लास रिकामे केले. होनोरिनोने बूट घातले. शटरखालून वाकून जाताना तो परत मागे आला आणि त्याने फ्रोइलानचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"तू चांगला माणूस आहेस."

"बरं."

"मी कधी बोललो नाही तुला."

"आत्तापण नको बोलूस. शटर लावायचंय."

शटर खाली आलं. गिऱ्हाइकं घालवायचा इतका सोपा उपाय असताना आपल्या तीन पिढ्यांनी तो का वापरला नाही, याचं आश्चर्य करत फ्रोइलान वर गेला आणि झोपला. गुरुवारपर्यंतची त्याची तेवढीच धड झोप. पुढे काय वाढून ठेवलंय हे माहीत असतं, तर त्याने ती आणखी मन लावून घेतली असती.

तिघं जण शेजारच्या बारमध्ये गेले. कारण दुःख झालं तरी उभं कुठेतरी राहावंच लागतं.

"एलेउतेरिओ आठवतो?" होनोरिनो म्हणाला. "तोही असंच बोलला होता. हा शेवटचा. आणि गेला बिचारा."

"तो अकरा वर्षांनी गेला," डॉन निकानोर म्हणाले.

"पण गेलाच ना?"

डॉन निकानोरांनी बोट वर करून आणखी एक ग्लास मागवला.

"डॉक्टरनं सांगितलं असणार त्याला काहीतरी," विसी म्हणाली.

"कुठल्या डॉक्टरनं?"

"ते मला काय ठाऊक? तुम्ही नाही ना सांगितलंत?"

"मी गाई बघायचो."

"मग कुणीतरी खऱ्या डॉक्टरनं."

डॉन निकानोर दुखावले गेले, पण ही वेळ त्यांच्या दुःखाची नव्हती. पुढच्या ग्लासाआधी दोन गोष्टी ठरल्या. एक म्हणजे आपल्याला कळलंय हे फ्रोइलानला कळू द्यायचं नाही. दुसरी म्हणजे त्याला एकटं सोडायचं नाही. दोन्ही गोष्टी त्यांनी त्या बारच्या मालकाला विश्वासात घेऊन सांगितल्या. दिवेलागणीपर्यंत ओल्या वस्तीतल्या सगळ्यांना विश्वासात घेऊन झालं होतं.

संध्याकाळी फ्रोइलानने शटर वर केलं, तर बाहेर माणसं उभी होती. रविवारची संध्याकाळ एरवी मेलेली असते. लोक आत आले आणि हळू आवाजात बोलू लागले. प्रत्येकाने आपला ग्लास आपणच उचलून काउंटरवर आणून ठेवला. फ्रोइलानच्या हयातीत असं कधी घडलं नव्हतं. सलूनवाल्याने सात वर्षांपूर्वी नेलेली शिडी परत आणली. शिडीला एक पायरी कमी होती, पण भावना पूर्ण होती.

ओब्दुलिया, म्हणजे फ्रोइलानची बायको, स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाली, "सूप संपलं."

"संपलं? रविवारी?"

"वाट्या चाटूनपुसून परत येतायत. एकानं तर माझ्या हाताचा मुका घेतला. काय केलंस तू?"

"मी? काही नाही."

"तू काहीतरी केलंयस. माणसं उगाच चांगली वागत नाहीत."

रात्र चढत गेली आणि फ्रोइलानच्या लक्षात आलं, की कोणी हलत नाही. ज्याला जायचं असे तो दारापर्यंत जाई, वळून फ्रोइलानकडे बघे, त्याला वाटे याला असं टाकून जावं कसं, आणि परत येऊन तो शेवटच्या आधीचा एक मागे. लोकांच्या चांगुलपणाला सीमा नव्हती. पहाटे कधीतरी फ्रोइलान म्हणाला, "अरे, घरं नाहीत का तुम्हाला?" तर कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्याला हुंदका आला.

सोमवारीही तेच झालं, आणि मंगळवारीही. दुपारी जरा पडावं म्हटलं तर लोक वर यायला लागले. कोणी चिकनचं पाणी आणलं, कोणी आपल्या आईचा ताईत आणला. एक जण काहीच न आणता नुसता बसला आणि पूर्वी आपण पोरं होतो तेव्हा नदी किती स्वच्छ होती ते सांगत राहिला. बार बंद झाल्यावर डोळा लागावा, तर खाली गल्लीत फ्रोइलानला सोबत म्हणून थांबलेले लोक गाणी म्हणत. आवाज येऊ नये म्हणून त्याने कोंबडीचं डोकं घालून झोपायचा प्रयत्न केला. आत स्पंज जाड होता. पण ओब्दुलिया रात्री पाणी प्यायला उठली, दिवा लावला आणि किंचाळली. मग दोघंही जागे राहिले.

झोप नाही म्हणून फ्रोइलानच्या डोळ्यांखाली काळं आलं. काळं दिसलं म्हणून आणखी माणसं आली. माणसं आली म्हणून झोप आणखी गेली. त्याचा चेहरा जितका उतरत गेला, तितकी गर्दी चढत गेली. धंदा असा की वडिलांनी पाहिला नव्हता, आणि अवस्था अशी की वडील हयात असते तर ते याच्यापेक्षा ताजे दिसले असते.

बुधवारी ओब्दुलियाने होनोरिनोची कॉलर धरली. होनोरिनो तिच्या दुप्पट होता, पण कॉलर तिच्या हाताला येत होती.

"बोल. काय भानगड आहे?"

"त्यानं तुला सांगितलं नाही?"

"काय सांगितलं नाही?"

"तो... रविवारी... तो शब्द बोलला. माझ्यासमोर. ग्लास ठेवताना."

ओब्दुलिया हात सोडून स्टुलावर बसली. मग उठली आणि काउंटरच्या आत जाऊन नवऱ्यासमोर उभी राहिली. तो ग्लास पुसत होता. तो ग्लास तो बराच वेळ पुसत होता.

"बोललास तू तसं?"

"बोललो. यांना हाकलायला बोललो!" फ्रोइलानने फडकं आपटलं. सगळा बार त्याच्याकडे वळला. "मला काहीही झालेलं नाही! मी धडधाकट आहे! मला फक्त झोप हवीय!"

"बघा," विसी डोळे पुसत म्हणाली. "आपल्याला वाईट वाटू नये म्हणून कसा बोलतोय."

"मी शब्द मागे घेतो! ऐका सगळे. शेवटच्या आधीचा! शेवटच्या आधीचा! झालं?"

"मागे घेतला की दुप्पट लागतो," होनोरिनो कुजबुजला. हे असं काही नव्हतं, पण त्या क्षणापासून झालं.

ओब्दुलियाचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण नवऱ्याच्या डोळ्यांवर होता, आणि ते डोळे आता उघडे आहेत की मिटलेले हे लांबून कळत नव्हतं. तिने डॉन निकानोरांना बोट दाखवून जवळ बोलावलं. दवाखान्यात तारीख पुढच्या महिन्यातली मिळत होती. डॉन निकानोर समोर होते.

डॉन निकानोरांनी बाह्या सरसावल्या. आधी फ्रोइलानचे दोन्ही कान हातात धरून गरम आहेत का ते बघितलं. मग ओठ वर करून हिरड्या बघितल्या.

"खातोस नीट?"

"खातो."

"रवंथ?"

"काय?"

"म्हणजे पचतं का. उभ्या उभ्या झोप लागते?"

"काल बिअर ओतता ओतता लागली."

"हं. घोडा असतास तर मी उत्तम म्हटलं असतं."

"मी घोडा नाही."

"तीच तर पंचाईत आहे." डॉन निकानोरांनी फ्रोइलानच्या मानेवर थोपटलं आणि ओब्दुलियाकडे वळून निदान सांगितलं. "झोप हवी. पूर्ण एक रात्र. नाहीतर..."

नाहीतर काय, ते डॉन निकानोरांनाही माहीत नव्हतं. पण बारमधल्या प्रत्येकाने ते वाक्य आपापल्या मनात पूर्ण केलं.

ओब्दुलियाने निर्णय दिला. गुरुवारी बार बंद.

बार बंद ठेवायचा म्हणजे पाटी लावायला हवी. पण फ्रोइलानचे वडील गेले, त्यानंतर बार कधी बंदच राहिला नव्हता. त्यामुळे घरात तेव्हाची एकच पाटी होती. काळ्या काठाची, ठसठशीत अक्षरांत, 'घरातील दुःखद निधनामुळे बंद'. चांगली लाकडी पाटी टाकून नवी कशाला आणायची? ओब्दुलियाने ती उलटी केली आणि मागच्या बाजूला खडूने लिहिलं, 'विश्रांतीसाठी बंद'. शटरच्या खिळ्याला दोरीने पाटी अडकवली, दाराची घंटा काढली, फोन उशीखाली दाबला, कानात कापसाचे बोळे घातले आणि ती झोपली. फ्रोइलाननेही सावधगिरी म्हणून कोंबडीचं डोकं चढवलं आणि तो आडवा झाला.

चौकातून गल्लीत वारा शिरतो, तो थेट शटरवर येऊन आपटतो. पाटी एकदा हलली, दुसऱ्यांदा हलली आणि वळली.

संध्याकाळी विसी दुकान बंद करून नेहमीप्रमाणे फ्रोइलानच्या सोबतीला आली. तिने पाटी वाचली. मग ती उलटी करून मागचंही वाचलं. दोन्ही बाजूंना एकच गोष्ट लिहिली आहे, अशी तिची खात्री झाली.

ती आल्या पावली परत गेली आणि तिने दुकान उघडलं. तिच्याकडचं काम चोख होतं. थोड्याच वेळात गल्लीतून पांढऱ्या शेवंतीचं भलंमोठं वर्तुळ चालत आलं, त्याच्या मागे विसी होती. फुलांवर जांभळी फीत होती. अशा फितीवर साधारणपणे 'शेवटचा निरोप' असं लिहितात. पण विसीचा हात तो शब्द लिहायला वळला नव्हता. या घराने तर त्या शब्दाचं काय होतं ते नुकतंच भोगलं होतं. म्हणून फितीवर सोनेरी अक्षरांत होतं: 'शेवटच्या आधीचा निरोप. तुझे मित्र.'

"कधी?" होनोरिनोने विचारलं. तो ॲप्रनवरच धावत आला होता.

"दुपारी असणार. ओब्दुलिया दार उघडत नाही. घंटासुद्धा काढून टाकलीय."

"मी म्हटलं होतं, नाहीतर," डॉन निकानोर म्हणाले आणि त्यांनी टोपी काढली.

गुरुवार म्हणजे विद्यार्थ्यांचा दिवस. गल्लीतल्या सगळ्या बारांतून गाणी एकमेकांवर आदळत होती. होनोरिनो एकेका दारात गेला आणि मान हलवून आला. तो पुढे सरकेल तसतसा मागचा आवाज बंद होत गेला. स्पीकर थांबले. टीव्हीवरची मॅच थांबली. विद्यार्थी प्लास्टिकचे ग्लास छातीशी धरून माना खाली घालून उभे राहिले. कोणासाठी हे त्यांना माहीत नव्हतं, पण बिअर गरम होत होती आणि दुःख खरं वाटत होतं. शेवटी ओल्या वस्तीत अशी शांतता पसरली, की तटावरच्या कबुतरांना काहीतरी चुकल्यासारखं वाटून ती उडाली.

वर फ्रोइलानला जाग आली.

आधी काय झालं ते त्याला कळेना. तो याच खोलीत जन्मला होता आणि खाली बार होता. ग्लासांची किणकिण, स्टुलांचं सरकणं, होनोरिनोचं हसणं, शेजारच्या बारांतली गाणी, या सगळ्यावर तो आयुष्यभर झोपत आला होता. आता काहीच नव्हतं. कोंबडीचं डोकं इतकं कामाचं निघेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्याने ते काढलं. तरीही काही नाही. परत घातलं. तसंच. आपले कान गेले असावेत, असं त्याला वाटलं. मग दिवा लावून शेजारी बघितलं, तर ओब्दुलिया छातीवर हात ठेवून, कानात पांढरा कापूस घालून निपचित पडली होती. कान गेल्यापेक्षा काहीतरी मोठं घडलंय अशी शंका त्याला आली. नक्की काय ते बघायला तो पांढऱ्या पायघोळ नाइटशर्टमध्ये उठला आणि त्याने खिडकी उघडली.

खाली गल्लीभर माणसं उघड्या डोक्यांनी उभी होती. वर खिडकीत, मागून येणाऱ्या पिवळ्या उजेडात, पांढरी वस्त्रं ल्यालेली एक कोंबडी उभी होती.

मेलेला माणूस खिडकीत आला असता तर पळापळ झाली असती. पण कोंबडी असल्यामुळे कसं वागावं हेच कोणाला सुचेना.

"कोण गेलं?" कोंबडीने विचारलं.

"फ्रोइलान," खालून होनोरिनो म्हणाला.

"कुठला फ्रोइलान?"

"इथलाच. बारवाला."

कोंबडी विचारात पडली. मग तिने डोकं काढलं. विसी बसायला गेली आणि फुलांच्या वर्तुळात बसली.

"अरे, मी इथं आहे!"

"मग पाटी का लावलीस?" होनोरिनो ओरडला. मघाचं सगळं दुःख त्याच्या आवाजात रागाने परत आलं. "आम्ही मॅच बंद केली!"

"मॅच बंद केली?" फ्रोइलान खिडकीत पुढे वाकला. त्याचे डोळे लाल होते, केस उभे होते, आणि आवाज रडवेला झाला होता. "म्हणून मी जागा झालो! चार रात्री तुम्ही मला झोपू दिलं नाहीत. आज झोपलो होतो, तर तुम्ही गप्प बसलात! असं कोणी करतं का? चालू करा! सगळं चालू करा!"

एव्हाना ओब्दुलिया उठली होती. तिने कापूस काढला, नवऱ्याला बाजूला सारून गल्लीत बघितलं, फुलं बघितली, फीत वाचली. मग ती चप्पल घालून खाली उतरली, शटर वर केलं आणि पाटी गुडघ्यावर ठेवून तिचे दोन तुकडे केले.

"आत या," ती म्हणाली. "सगळे. आणि बोला."

फ्रोइलानला तिने काउंटरच्या बाहेरच्या बाजूला बसवलं. त्या बाजूला तो आजवर कधी बसला नव्हता. होनोरिनो आत जाऊन बिअर ओतू लागला. निम्मा फेसच येत होता, पण कोणी तक्रार केली नाही. गल्लीतले स्पीकर सुरू झाले, मॅच सुरू झाली, माणसं एकमेकांवर ओरडायला लागली. फ्रोइलानने समोरच्या ग्लासाकडे बघितलं, काउंटरवर हात ठेवले, हातांवर गाल ठेवला आणि तो झोपला.

बार चपापून गप्प झाला. लगेच फ्रोइलानच्या पापण्या हलल्या.

"बोला!" ओब्दुलिया डाफरली. सगळे एकदम बोलले. पापण्या स्थिर झाल्या. डॉन निकानोरांनी मानेवर दोन बोटं ठेवली आणि मान डोलावली. "जिवंत आहे. झोपलाय."

"आता नीट ऐका," ओब्दुलिया दारात खुर्ची टाकून बसत म्हणाली. "चार रात्री याला जागवलंत. आता हा उठेपर्यंत कोणी गप्प बसायचं नाही आणि कोणी घरी जायचं नाही."

"ओब्दुलिया, उद्या मला पहाटे मटण घ्यायला..."

"मोठ्यानं बोल, होनोरिनो."

पहिला काही वेळ बरा गेला. मॅच होती, ती संपल्यावर मॅचवरचं भांडण होतं. मध्यरात्रीनंतर विषय संपू लागले. विद्यार्थी मागच्या दाराने सटकले. विसीने बहिणीच्या पित्ताशयाचं ऑपरेशन सांगितलं, ते संपल्यावर पुन्हा सुरुवातीपासून सांगितलं, आणि लोकांनी ते दोन्ही वेळा उत्सुकतेने ऐकलं, कारण त्यात बराच वेळ जात होता. डॉन निकानोर जन्मात बोलले नव्हते तेवढे बोलले. एका उलट्या वासराची गोष्ट सांगताना त्यांचा घसा बसला, तेव्हा ते काउंटरवर चमचा वाजवू लागले. फ्रोइलान सुखाने घोरत होता. आवाज जरा कमी झाला की त्याची भुवई वर जाई, आणि दारातून ओब्दुलियाचीही.

दारातून पहाटेचा करडा उजेड आत यायला लागला. होनोरिनो काउंटरला धरून उभा होता. त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, त्या मोठ्या आवाजाची नुसती घरघर राहिली होती. विसीने त्याच्या हातात ग्लास दिला आणि ती म्हणाली, "घे, म्हणजे जाग राहील."

होनोरिनोने ग्लासाकडे बघितलं. त्याला आता जगाकडून एकच गोष्ट हवी होती.

"बास," तो म्हणाला. "हा शेवटचा."

विसीच्या बहिणीचं तिसऱ्यांदा चाललेलं ऑपरेशन अर्ध्यावर थांबलं. डॉन निकानोरांचा चमचा हवेत राहिला. बारमध्ये टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती.

त्या शांततेने फ्रोइलानला जाग आली. त्याने डोळे उघडले. गालावर काउंटरच्या लाकडाची नक्षी उमटली होती, आणि चेहरा दहा वर्षांनी तरुण दिसत होता. त्याने ताणून आळस दिला, सगळ्यांकडे बघितलं, आणि त्याची नजर होनोरिनोवर येऊन थांबली. तो उठला, काउंटरला वळसा घालून आत गेला आणि त्याने होनोरिनोचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"होनोरिनो," तो मायेने म्हणाला, "बस जरा. आज घरी एकटा जाऊ नकोस. आम्ही आहोत ना सगळे."

होनोरिनोने हात सोडवायला बघितलं, पण तोवर कोणीतरी त्याच्याखाली स्टूल सरकवलं होतं. ओब्दुलिया स्वयंपाकघरात सूप गरम करायला गेली. विसीने हळूच दाराबाहेर बघितलं. शेवंतीची फुलं एका बाजूला चेपली होती, पण भिंतीला टेकून अजून ताजी होती, आणि फितीवर आपण नाव घातलेलं नाही, हे नेमकं तेव्हाच तिच्या लक्षात आलं.